शेठचा अदृश्य दिवाणजी

जुन्नर-आंबेगावात शेठ व्हायला फार काही लागत नाही. दोन पिकअप, बाजारात एक गाळा आणि मागून हाक मारणारी चार माणसं असली की झालं. इकडे आमदारालासुद्धा लोक वल्लभशेठच म्हणायचे, तिथं टोमॅटोच्या अडत्याला कोण सोडतंय? या शेठ मंडळींत अलीकडे एक नवा प्रकार निघालाय: व्हीए ठेवलेले शेठ. व्हर्च्युअल असिस्टंट हे पूर्ण नाव ते घेत नाहीत. "आपलं व्हीए" म्हणतात, दारात नवा ट्रॅक्टर उभा असल्यासारखं.

नारायणगावच्या बाजारातले असेच एक शेठ. त्यांचे जुने दिवाणजी गुडघ्यांपायी घरी बसले, तेव्हा शेठनी हिशेब मांडला. पूर्णवेळ माणूस ठेवायचा म्हणजे पगार आला, दिवाळीचा बोनस आला, दिवसाचे चार चहा आले. चैत्रात त्याच्या गावची यात्रा म्हणून सुट्टी, लगेच सासुरवाडीची यात्रा म्हणून सुट्टी, आणि लगीनसराईत तर माणूस दाखवा नि बक्षीस मिळवा! पुतण्या म्हणाला, "काका, आता तासावर माणूस मिळतो. घरी बसून काम करतो आणि चहा स्वतःच्या घरचा पितो." शेवटचं वाक्य शेठना पटलं.

व्हीए निघाली एक मुलगी. पहिले आठ दिवस शेठ तिला "मॅडम" म्हणत होते. मग एका फोनवर तिच्या तोंडून आपल्याकडची बोली निसटली आणि शेठनी तिथंच धरलं: "कुठली गं तू?" ती आंबेगावातल्या सातगाव पठारावरची, बटाटेवाल्याची पोर. पाच मिनिटांत तिची आत्या शेठच्या भावकीत निघाली आणि मॅडमची "पोरी" झाली. तासाचा भाव मात्र तोच राहिला.

कामाला ती चोख. शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या संध्याकाळच्या आत व्हॉट्सअॅपवर, उधारीवाल्या व्यापाऱ्यांना गोड आवाजात फोन, आणि जुन्नर 2018 मध्ये विशेष पर्यटन तालुका जाहीर झाल्यावर शेठनी द्राक्षबागेत बांधलेल्या दोन खोल्यांचं बुकिंगही तिच्याकडे. चूक म्हणून काढायला जागा नाही, आणि शेठची खरी पंचाईत इथंच झाली. दिवाणजींवर दिवसातून दोनदा ओरडलं की त्यांना बरं वाटायचं. आता ओरडायचं कुणावर? पाहुणे विचारत, "शेठ, हापिसात कोण बसतं?" शेठ लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवत. "ही काय, बसलीय." कॅमेरा बंद. पाहुणे काळ्या पडद्याला नमस्कार करून चहाला लागत.

खरं तर न दिसणाऱ्या माणसावर भरवसा टाकायची या भागाची सवय जुनी आहे. शेठच्या आजोबांचा भाजीपाला हुंडेकऱ्याच्या गाडीनं भायखळ्याला जायचा. 1996 साली भाजीपाल्याचा बाजार वाशीला हलला तशा गाड्याही तिकडं वळल्या. पलीकडे माल विकणाऱ्या अडत्याचं तोंड आजोबांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पट्टीवर येईल तो आकडा मुकाट कपाळाला लावायचा, एवढाच व्यवहार. पण शेठ लहानपणापासून पट्टी करणाऱ्यांच्या बाजूला बसलेले. त्यांना त्या बाजूचं वळणच नाही.

ओरडता येत नाही म्हणून शेठ बोलू लागले. पहाटे पाचला व्हॉइस नोट. मागे जनरेटर, कोंबडा, कुणाची तरी खोकल्याची उबळ, आणि मधूनच काम: "ते मागं पाव्हणं आलं नव्हतं का, त्याला म्हणावं हां." कोणतं पाव्हणं, कशाला हां, हे तिनं ओळखायचं. आणि ती ओळखायची! त्यात सर्वोच्च न्यायालयानं 18 मे 2023 ला बैलगाडा शर्यतीचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून शेठचं अर्धं ऑफिस घाटातच. बारीचे व्हिडिओ तिला रोज. "सांग, कांड्याचा बैल मागं ओढतोय का न्हाई?" संध्याकाळी सहानंतर ती अमेरिकेतल्या एका दातांच्या डॉक्टरचं काम बघते. शेठचा निरोप: "त्या डागदरला म्हणावं थांब जरा, आमची गाडी भरायचीय."

महिनाअखेर बिल आलं. पट्ट्या, वसुली, बुकिंग, सगळं तासांसकट. आणि खाली दोन बाबी: व्हॉइस नोटा ऐकणे, बारीचे व्हिडिओ पाहून अभिप्राय देणे. या दोघींनी मिळून निम्मं बिल खाल्लेलं. शेठ तापले. "ऐकायचे पैसे? बोललो मी, घसा माझा बसला!"

आता, 2016 पासून भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची बंद झाली, पण कापायची सवय हातात असते, कायद्यात नसते. शेठनी लाल पेन घेतला आणि बिलावर तोलाई, भराई, थोडा कडता असं वजा करून उरलेले पैसे पाठवून दिले.

पोरगी काही बोलली नाही. मंचरच्या बाजारातून बाप घरी आला की पट्टी मोठ्यानं वाचून दाखवायचं काम तिच्याकडे चौथीपासून होतं. यातला एकही शब्द तिला नवा नव्हता. पुढच्या बिलात तिनं कापलेली रक्कम पैशासकट खाली घेतली आणि समोर लिहिलं: आवाजी मालाची हमाली.

शेठनी ते दोनदा वाचलं. पैसे पूर्ण पाठवले. मग मंचरच्या ओळखीच्या अडत्याला फोन लावला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पठारावरच्या त्या बटाटेवाल्याच्या पट्टीत जरा जपून. घरात लिहिणारं माणूस हाय."