नव्या रस्त्यांच्या नामकरणार्थ एक अर्ज

प्रति,
मा. नगराध्यक्ष व सर्व सन्माननीय सभासद, नगरपरिषद, यांचे सेवेशी

विषय : विकास आराखड्यातील नव्या रस्त्यांस नावे देणेबाबत

महोदय,

गावाच्या पूर्वेस, जेथे अगदी अलीकडेपर्यंत ज्वारी उभी असे आणि आता मोजणीचे दगड उभे आहेत, तेथे आपण आखलेले रस्ते सध्या नऊ मीटर, बारा मीटर आणि अठरा मीटर या नावांनी ओळखले जातात. आणि सभ्य गृहस्थाने आपला पत्ता सांगताना रस्त्याची रुंदी सांगत सुटावे हे नगराच्या प्रतिष्ठेस शोभत नाही, या आपल्या मताशी सदरहू अर्जदार सर्वस्वी सहमत आहे. (मुंबईत धारावीकरांच्या पिढ्या साठ फुटी आणि नव्वद फुटी रस्त्यांवर सुखाने वाढल्या, पण त्यांच्याकडे प्रतिष्ठेचा विचार करण्यास फुरसत नसावी.) त्या रस्त्यांवर अद्याप खडी पडलेली नाही, ही किरकोळ बाब नामकरणाच्या आड येऊ नये. बारशाला निदान मूल तरी लागते. रस्त्याच्या बारशाला कोनशिला आणि मंडप एवढ्यावर भागते, हे आपण यापूर्वी अनेकवार सप्रमाण सिद्ध केले आहे.

मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात रस्त्यास नाव देणे आणि घरांना क्रमांक लावणे ही दोन्ही कामे एकाच, म्हणजे ३२७ व्या कलमात घातलेली आहेत. त्या काळच्या कायदेपंडितांची दृष्टी टपालवाल्याच्या पलीकडे गेली नाही, हे उघड आहे. नावाने मनुष्य अमर होतो, निदान त्याचे चिरंजीव पुढच्या निवडणुकीत उभे राहतात, हा शोध मागाहूनचा.

आपल्या दफ्तरी आलेल्या सूचनांत थोर राष्ट्रपुरुषांची नावे बहुसंख्य असतील, यात शंका नाही. त्या पुरुषांविषयी अर्जदारास नितांत आदर आहे, आणि त्या आदरापोटीच त्याचा या सूचनांस विरोध आहे. कारण महात्मा गांधींचे नाव धारण करणारा रस्ता प्रत्येक शहरात एम. जी. झाला, दादाभाई नौरोजी डी. एन. झाले, स्वामी विवेकानंद एस. व्ही. झाले, आणि ज्यांनी आयुष्यभर उपाधींचा त्याग केला त्या सत्पुरुषांस आपण मरणोत्तर दोन-दोन आद्याक्षरांत गुंडाळून ठेवले. पुण्यात नामदार गोखले ज्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत, त्याच्याच दारावरून जाणाऱ्या रस्त्यास अधिकृतपणे त्यांचे नाव आहे. परंतु रिक्षावाल्यास गोखले पथ सांगून पाहावे, तो प्रथम आपल्या मुद्रेकडे पाहील आणि मग एफ. सी. रोड म्हणता काय, असे विचारील. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सायंकाळी वारा खाण्यास बसलेल्यांपैकी कितीजणांस आपण नेताजी सुभाषचंद्र बोस मार्गावर बसलो आहोत याची वार्ता असते? शिवाय खड्ड्यात चाक गेल्यावर प्रवाशाच्या मुखातून जे उद्गार निघतात, ते ज्या नावाच्या पाटीखाली निघतात त्या नावाचा विचार कोणीतरी करावयास हवा.

लोकांची तऱ्हा निराळीच. त्यांनी पुण्यात देवांनासुद्धा खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, सोट्या म्हसोबा अशी नावे ठेवली आणि ती एकाही ठरावावाचून टिकली. पानिपतानंतर बांधलेल्या लकडी पुलाच्या लाकडाचा दगड झाला आणि अधिकृत नाव संभाजी महाराजांचे झाले, तरी लोकांच्या तोंडी तो लकडी तो लकडीच.

नामांतर नेहमीच व्यर्थ असते, असे मात्र अर्जदार म्हणत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा नाव बदलणे हेच एक काम होते. पत्ता लिहिता लिहिता माणसाची जात लिहवून घेणारी पाटी आणखी शंभर वर्षे आधी उतरली असती तरी ती उशिराच उतरली असती. आपल्या नऊ मीटर रस्त्यावर असा कोणताही अन्याय नाही. तेथे केवळ चिखल आहे.

तेव्हा अर्जदाराची तजवीज अशी, की रस्त्यास तो ज्याने केला त्याचे नाव द्यावे. हा शिरस्ता नवा नव्हे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून आत शिरणारा समुद्र अठराव्या शतकात बांध घालून अडवला तो गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत, म्हणून तो बांध हॉर्नबी व्हेलार्ड झाला. त्या रस्त्यास आज लाला लजपतरायांचे नाव असले तरी समुद्र अडलेला आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीवरील मार्गास सरकार पैसा देईना, तेव्हा लेडी जमशेदजी जीजीभाई यांनी १८४० च्या दशकात आपल्या पदरचे १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि लेडी जमशेदजी मार्ग हे नाव त्यांनी अशा रीतीने रोख मोजून मिळवले. (त्याही आता एल. जे. झाल्या, आद्याक्षरांपुढे कोणाचाच इलाज चालत नाही.) याउलट पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात रेकॉन्डो नावाच्या मक्तेदार मंडळींनी दहा वर्षांची लेखी हमी देऊन बांधला, आणि तो हमीची मुदत संपून दशके लोटली तरी खड्ड्यांवाचून राहिला; पण पाटीवर महाराजांचे नाव, आणि रेकॉन्डो हा शब्द केवळ जुन्या पुणेकरांच्या गप्पांत.

म्हणून आपण ठराव करावा, की प्रत्येक नव्या रस्त्यास मक्तेदाराचे संपूर्ण नाव, आद्याक्षरे न करता, ठळक अक्षरांत द्यावे. त्याखाली कामाची मोजणी करणाऱ्या अभियंत्याचे आणि देयकावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव लिहावे. आणि हमीची मुदत संपेपर्यंत ती पाटी कोणत्याही सबबीवर हलवू नये. रस्ता टिकला तर गावाने ते नाव कृतज्ञतेने घ्यावे, न टिकला तरी ते घेतले जाईलच, आणि दोन्ही प्रसंगी ते योग्य व्यक्तीस पोहोचेल. मक्तेदार मंडळी विनयशील असतात; हा मान आम्हास नको, तो एखाद्या थोर पुरुषास द्यावा, असे ती आपणास कळवण्याचा संभव आहे. तसे झाल्यास तो नकार लेखी घ्यावा, बारनिशीत नोंदवावा आणि अखेरचे देयक अदा होण्यापूर्वी सर्वसाधारण सभेत मोठ्याने वाचून दाखवावा, एवढीच विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक करदाता