दोन मिनिटांचं काम

तुमच्या मजल्यावर एक असतीलच. नसतील तर वरच्या मजल्यावर असतील, किंवा बायकोच्या माहेरच्या गोतावळ्यात. परदेशी निघायच्या आदल्या रात्री, आपली जेवणं आटोपून अंथरुणं पडली की यांची बेल वाजते. एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात मांजर, आणि तोंडात ते वाक्य : "काही नाही हो, दोन मिनिटांचं काम आहे."

आमच्या समोरच्या दारातल्या गृहस्थांचं खरं आडनाव छापलं, तर ते त्याबद्दल माझ्याशी दोन मिनिटं बोलायला येतील आणि माझी अख्खी दुपार जाईल. तेव्हा आपण त्यांना नाना दोनमिनिटे म्हणू.

नाना एका बँकेच्या विधी खात्यातून निवृत्त झाले. मुलगा न्यू जर्सीत. तुळशीचं लग्न लागलं की नाना-नानी उडतात, आणि हापूस जरा परवडायला लागला की उतरतात. पाहुण्यांच्या व्हिसावर अमेरिकेत एका खेपेला साधारण सहा महिने राहू देतात. त्यातला एक दिवस नाना वाया घालवत नाहीत. मधल्या काळात त्यांचं घर, झाडं, गाडी, देव आणि चिंगी नावाची मांजर यांचा कारभार माझ्याकडे. कारण काय, तर "तुम्ही लेखक, तुम्ही काय, घरीच असता."

जाताना ते एक टाइप केलेला कागद देतात. त्यात कलमं असतात, पोटकलमं असतात, आणि प्रत्येक कामापुढे लागणारा वेळ असतो. तुळशीला पाणी, दोन मिनिटं. गॅलरीतल्या इतर कुंड्या (अठ्ठावीस), दोन मिनिटं. सांजेला देवापुढे दिवा, दोन मिनिटं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, दोन मिनिटं. न्हाणीघराच्या जाळीत तांब्याभर पाणी, दोन मिनिटं. हे शेवटचं नानांनी मला उभं करून समजावलं होतं. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी असतं म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. घर बंद राहिलं की ते पाणी आटतं, आणि सहा महिन्यांनी घरमालक परत येतो तेव्हा झुरळं त्याचं स्वागत करतात. हे समजावायला नानांना पाऊण तास लागला. कागदावर मात्र दोनच मिनिटं.

गाडीचंही तेच. "रविवारी नुसती सुरू करायची, दोन मिनिटं. नाहीतर बॅटरी उतरते." मी इमानेइतबारे सुरू करत राहिलो आणि बॅटरी इमानेइतबारे उतरली. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, सुरू करायला जेवढा करंट लागतो तेवढाही दोन मिनिटांत भरून निघत नाही. वीस-पंचवीस मिनिटं चालवायला पाहिजे." तेव्हापासून दर रविवारी मी कोथरूडहून निघून विनाकारण चांदणी चौकापर्यंत जाऊन येतो. तिथला नवा पूल 2023 साली खुला झाला, तेव्हा एवढे रस्ते एकमेकांवर चढवण्याची काय गरज होती, असं वाटलं होतं. आता कळतं. एक वळण चुकलं की माणूस थेट मुंबईच्या वाटेला लागतो आणि नानांची बॅटरी काठोकाठ भरते.

चिंगीला मात्र नानांच्या वेळापत्रकाची माहिती कुणी दिलेली नसावी. ती वाटीतलं खायला दोन मिनिटं घेते, पण मी तिथून उठायला लागलो की ओरडते. मी बसलो की खात नाही. मी गेलो की सोफा उकलते. त्यात सकाळी सातला, म्हणजे तिकडे रात्री, नानांचा व्हिडिओ कॉल. "दोन मिनिटं चिंगीला दाखवा." चिंगी सोफ्याखाली. मी पालथा पडून फोनसकट हात आत घालतो, आणि अमेरिकेत नाना-नानींना अंधारात दोन हिरवे ठिपके दिसतात. "वाळली हो!" नानी म्हणतात. ठिपक्यांवरून कशा ओळखतात कोण जाणे.

या सगळ्याचा मोबदला? नाना मोबदल्याशिवाय काही मागत नाहीत, हे त्यांच्याच तोंडून ऐकावं. "घर तुमचंच आहे. या, बसा, एसी लावा, निवांत लिहा."

आता, घर राहायला देऊन बदल्यात जनावर सांभाळून घेण्याची पद्धत जगात आहे. 2010 साली इंग्लंडात ट्रस्टेड हाउससिटर्स नावाचं संकेतस्थळ याच कल्पनेवर सुरू झालं. मालक फिरायला जातो, पाहुणा त्याच्या घरात फुकट राहतो, कुत्र्या-मांजरांचं करतो, आणि दोघांत पैशाचा व्यवहार होत नाही. वार्षिक वर्गणी मात्र दोघंही संकेतस्थळाला भरतात, म्हणजे मांजराला हात न लावता कमावणारा तिसराच. तरी त्या सौद्यात अर्थ आहे. लंडनमध्ये आठवडाभर राहायचं भाडं बघितलं, तर एखादा माणूस मांजरच काय, मगरही सांभाळेल. इथे माझ्या दारापासून नानांचं दार सहा फुटांवर. दोन्ही घरं एकाच नकाशातली, त्यांचं स्वयंपाकघर फक्त उलट्या हाताला. तिथे राहायला जाऊन मला मिळणार काय? माझ्याच घराचा आरशातला फोटो, त्यात चिंगी.

एका वर्षी मार्गशीर्षातल्या गुरुवारी, घरात घट मांडलेला, बायको कहाणी वाचतेय, आणि आमच्या कपाटातून बारीक चिवचिव ऐकू आली. चिंगीनं समोरच्या घरात पिल्लं घातली होती, आणि मांजरी घर बदलतात त्या नियमाने एकेक मानगुटीला धरून आमच्या कपाटात, लग्नातल्या शालूवर आणून ठेवली होती. तीन.

मी कॅलेंडर काढलं. मांजराचा गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा. नानांना जाऊन नऊ आठवडे झाले नव्हते. म्हणजे जे काही घडलं ते माझ्या कारकिर्दीतलं नव्हतं. एवढ्या मुद्द्यावर न थांबता मी भारतीय करार अधिनियम, 1872 उघडला. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेण्यावर त्यात एक अख्खं प्रकरण आहे. कलम 151 म्हणतं, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी घ्या. घेतली. कलम 158 म्हणतं, फुकट सांभाळणाऱ्याचा आवश्यक खर्च मालकाने द्यावा. ठीक. आणि कलम 163! त्याखाली उदाहरणच दिलंय : अ आपली गाय ब कडे सांभाळायला ठेवतो. गाय विते. ब ने गायीबरोबर वासरूही अ ला परत करायला हवं. गोऱ्या साहेबाने माझ्या कपाटाचा विचार दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी नानांना कलम वाचून दाखवलं. म्हटलं, तिन्ही पिल्लं कायद्याने तुमची. नाना बँकेतल्यासारखे सावरून बसले. "पूर्ण वाचा. कलमाच्या सुरुवातीला काय आहे? करारात याच्या उलट काही ठरलं नसेल तर. बरोबर? मग आपण उलट ठरवू. दोन मिनिटांचं काम आहे."

दोन पिल्लांना घरं मिळाली. तिसरं आमच्याकडे राहिलं. त्याचं नाव कलम.

पैशाच्या बाबतीत नानांना कुणी नावं ठेवू नयेत. मेमध्ये ते परतले की हिशोबाला बसतात. मांजराचं खाणं, डॉक्टर, चिंगीचं ऑपरेशन, पेट्रोल, रुपयाला रुपया. पावती नसेल तरी देतात, फक्त पावती का नाही यावर बोलतात. वर बदामाचं पाकीट, चॉकलेटांची मोठी पिशवी आणि अंगदुखीच्या गोळ्यांची भली मोठी बाटली. ही बाटली सोफ्याखाली हात घालणाऱ्या माणसाला द्यावी, हे त्यांना सुचलं कसं, याचा मी अजून विचार करतोय. मुद्दा असा की नाना खर्च देतात, वेळ देत नाहीत. वेळ त्यांच्या वहीत कधीच दोन मिनिटांपलीकडे जात नाही. मग त्याचं काय देणार?

मी त्यांना कायमचा चालू म्हणून निकालात काढणार होतो. तेवढ्यात जानेवारीतल्या एका संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. भलत्याच वेळेला, तिकडे सकाळ. खिशातून चुकून लागला असावा. पडद्यावर आधी पांढरं, मग एक काळा लॅब्राडॉर ओढत चाललेला, मग कानटोपी, तोंडातून वाफा, आणि एका हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. आमच्या सोसायटीच्या सभेत, कुत्र्याची घाण मालकानेच उचलावी, हा ठराव नानांनीच मांडला होता. तो ते न्यू जर्सीत बर्फात अमलात आणत होते. मागून मुलाचा आवाज आला, "बाबा, आल्यावर डिशवॉशर तेवढा रिकामा करा. दोन मिनिटांचं काम आहे."

पुढचं नानींनी आमच्या हिला सांगितलं. सकाळी कुत्रं, मग नातवाला शाळेत सोडणं, मग दुपारी परत कुत्रं. मुलगा-सून फिरायला गेले की घर, नातू आणि कुत्रं तिन्ही. परत निघायच्या आधीचा आठवडा नानी पोळ्या लाटतात. चळतीच्या चळती, फ्रीझर भरेपर्यंत.

2022 साली, मांजर सांभाळायला कॅनडाला निघालेल्या एका ऑस्ट्रेलियन बाईला लॉस एंजेलिसच्या विमानतळावर अडवून परत पाठवलं होतं. पूर्वी अमेरिकेत तिने फुकट राहायच्या बदल्यात मांजरं सांभाळली होती, आणि तिथल्या अधिकाऱ्यांच्या मते ते काम झालं. पाहुणी म्हणून येऊन काम करता येत नाही. त्याच देशात दर हिवाळ्यात आपले आजी-आजोबा मेथीचे लाडू आणि भाजणी घेऊन उतरतात. कशाला आलात विचारलं, की मुलाला भेटायला, म्हणतात. ते खोटं नसतंच. मांजर सांभाळलं तर नोकरी, नातू सांभाळला तर माया. कायद्याला मायेचा दर लावता येत नाही, याचा मुलांना फारच फायदा झालाय.

आणि आता नाइलाजाने एक गोष्ट सांगतो, कारण ती वगळली तर नानी मला विचारतील. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं साताऱ्याला लग्नाला गेलो होतो आणि वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. आमच्या किल्ल्या अर्थातच नानांकडे. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर हॉलभर पुस्तकं उभी करून ठेवलेली, पानं सुटी करून, पंखा फुल. ओली एकीकडे, दमट एकीकडे, कोरडी तिसरीकडे, प्रत्येक रांगेत एक चिठ्ठी. फरशी कोरडी. प्लंबर येऊन गेलेला. कलम नानांच्या मांडीवर. नानी म्हणाल्या, काल सकाळपासून हे खाली बसलेले नाहीत, रात्रीही इथेच होते. नाना पट्टा बांधलेला गुडघा चोळत म्हणाले, "काही नाही हो. दोन मिनिटांचं काम होतं."

म्हणजे हा माणूस लबाड नाही. त्याचं घड्याळच तसलं आहे. दुसऱ्याच्या कष्टांना जे माप लावतं, तेच स्वतःच्याही लावतं. असल्या माणसाशी हिशोब जमत नाही. अशा दोघांचा एकमेकांशी जमून जातो. अडचण होते ती एकाचं घड्याळ असं आणि दुसऱ्याचं नुसतं सोयीचं असलं म्हणजे.

परवा मुलाचा फोन आला, मला. "काका, बाबा यंदा यायला काचकूच करतायत. तुमचं ऐकतात ते. दोन मिनिटं बोला ना त्यांच्याशी."

नाना माझ्यासमोरच बसले होते. मुलाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवणं तेवढं जमत होतं.

मी म्हणालो, "अरे, अडचण आमचीच आहे. आम्ही दोघं नर्मदा परिक्रमेला निघतोय. घर आणि मांजर नानांच्या भरवशावर टाकलंय."

"किती दिवस?"

"पायी, अगदी परंपरेप्रमाणे. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस."

फोन ठेवला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. नानांनी कलमच्या पाठीवरून हात फिरवला आणि घसा खाकरला.

"रोजचं साधारण किती वेळाचं काम धरायचं?"

"पूर्णवेळ," मी म्हणालो.

"मग तसं लेखी द्या," नाना म्हणाले. "तो पुन्हा विचारेल."