सहाव्या विषयाचे पुनर्मूल्यांकन

निकालानंतर जागी होणारी न्यायबुद्धी नेहमी एकाच बाजूने जागी होते. अपेक्षेपेक्षा कमी गुण पडलेल्या विषयात परीक्षकाचा हलगर्जीपणा तिला तत्काळ दिसतो, आणि अपेक्षेपेक्षा जास्त गुण देणारा परीक्षक मात्र तिला साक्षेपी व गुणग्राही वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या कन्येस दहावीच्या विज्ञानात तिच्या अंदाजाहून बरेच अधिक गुण मिळाले, तेव्हा फेरतपासणीचा विचार घरात कोणास शिवला नाही; परंतु मराठीत ते सर्वांत कमी पडले, आणि मराठी मासिकांतून लिहिणाऱ्या पित्याच्या दृष्टीने ही बाब केवळ एका विद्यार्थिनीपुरती उरली नाही.

अशा दुखावलेल्यांसाठी राज्य मंडळाने तीन पायऱ्या ठेवल्या आहेत. गुणपडताळणी म्हणजे एखादे उत्तर तपासायचे राहिले काय आणि बेरीज जुळते काय एवढेच पाहणे, तिचे शुल्क विषयामागे ५० रुपये. छायाप्रत म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत, तिचे ४०० रुपये. आणि पुनर्मूल्यांकन म्हणजे उत्तरे नव्याने जोखणे, त्याचे आणखी ३०० रुपये, तेही आधी छायाप्रत घेतल्याशिवाय मागता येत नाही. बेरीज चुकली असावी अशी लेखकाची इच्छाच नव्हती, कारण बेरजेतून निघालेल्या गुणांनी निबंधाची प्रतिष्ठा वाढत नाही. तपासणाऱ्यास लेखन कळले नाही, असा निर्वाळा फक्त तिसऱ्या पायरीवर मिळू शकत असल्याने तीच त्यास पसंत पडली.

या मतास शास्त्राधारही होता, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकास तो सविस्तर ऐकावा लागला. फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ साली परीक्षेतील गुणांना खगोलनिरीक्षणातील त्रुटींचे गणित लावले. त्याच्या मते अनेक जाणकारांनी दिलेल्या गुणांची सरासरी हा खरा गुण, आणि एकट्या परीक्षकाचे त्यापासूनचे अंतर ही त्रुटी. पुढे १९१२ साली डॅनियल स्टार्च व एडवर्ड इलियट यांनी अमेरिकेत इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शाळांना धाडल्या, तेव्हा १४२ शिक्षकांच्या गुणांत मोठी तफावत आढळली. भाषेत असे चालायचेच, हा आक्षेप निकाली काढण्यासाठी त्यांनी १९१३ साली भूमिती घेतली, तर तफावत आणखी वाढली. लेखकाने एजवर्थची व्याख्या सर्वस्वी स्वीकारली, केवळ जाणकारांची संख्या एकावर आणली, आणि तो जाणकार कोण याचा निर्णय घरातच झाला.

तथापि हा प्रश्न सर्वत्र इतका हौसेचा नाही. उत्तरपत्रिका न दाखवण्याचा व पुनर्मूल्यांकन नाकारण्याचा याच मंडळाचा नियम १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला होता. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क त्याच न्यायालयाने मान्य केला तो २०११ साली. इतक्या उशिरा मिळालेला हा हक्क ज्याचे ३५ गुण थोडक्यात हुकले त्याच्यासाठी सर्वाधिक मोलाचा आहे, आणि नेमके त्याच्याच घरी पुष्कळदा ४०० रुपये म्हणजे कोणाचा तरी रोज असतो. आपले उत्तर कोठे चुकले, हे जाणण्यासाठी नापास झालेल्या मुलाने आधी पैसे मोजावेत, ही व्यवस्था कोणत्याही परीक्षकाच्या त्रुटीहून अधिक चीड आणणारी आहे.

प्रस्तुत प्रकरणी निर्णय अखेर कन्येने दिला. सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाचच विषय टक्केवारीत धरण्याच्या पद्धतीस ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात, मराठी हा येथे वगळला गेलेला सहावा विषय आहे, आणि त्यात चार-दोन गुण वाढले तरी टक्का जागचा हलणार नाही, असे तिने पित्यास शांतपणे समजावले. त्याची मातृभाषा घरातल्याच गुणपत्रिकेत हिशेबाबाहेर राहिली, हे दुःख त्यास परीक्षकावर ढकलता आले नाही. अर्ज बारगळल्यावर वाचलेल्या ७०० रुपयांवर कन्येने लागलीच हक्क सांगितला. तो युक्तिवाद तिने ज्या नेटक्या, बिनतोड मराठीत मांडला त्यास किती गुण द्यावेत, याविषयी पित्याचे मत ठाम आहे, परंतु ते एकट्या परीक्षकाचे असल्याने येथे नोंदवलेले नाही.