एका चाव्याला एक आणा

हैदराबादला गेलेला माणूस चारमिनार बघतो, मोती घेतो, बिर्याणी खातो आणि परत येतो. आमचे दाजी मात्र सोलापूरला गाडीत बसल्यापासून एकच घोकत होते, "आधी बेगमपेठ."

"काय आहे तिथं?" समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं.

"डासाचं पोट फाडलंय तिथं," दाजी भक्तिभावानं म्हणाले. गृहस्थांनी जागा बदलली.

दाजींनी चौतीस वर्षं हिवताप खात्यात काढली. तापाचा माणूस दिसला की बोट टोचायचं, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि फवारणी झाली की भिंतीवर तारीख टाकायची. 'बोटटोच्या आला रे' अशी हाळी उठली की अर्धं गाव गोठ्यात लपायचं. अशा माणसाला पंढरपूरनंतर बेगमपेठच.

रिक्षातून उतरलो तर संग्रहालयाचं फाटक बंद. रविवार होता. निघताना आम्हा चौघांतल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. दाजी डगमगले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि आतलं सगळं बाहेरूनच दाखवायला घेतलं.

"20 ऑगस्ट 1897! रोनाल्ड रॉस, लष्करातला डॉक्टर. जन्म अल्मोड्याचा, म्हणजे आपलाच. दोन वर्षं डास फाडतोय, पण भलत्याच जातीचे! शेवटी ठिपकेदार पंखांचे, म्हणजे ॲनॉफिलिस हाती लागले, तेव्हा कुठं पोटाच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. एवढ्या उकाड्यात पंखा बंद. का? तर वाऱ्यानं डास उडून जायचा! घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, भिंगाला तडा गेला..."

"आणि चावून घ्यायला कोण होतं?" भाचा चिन्मयनं मुद्द्याचं विचारलं.

"हुसेन खान. हिवतापाचा रोगी. एका डासाला एक आणा असा दर. आठ डासांचे आठ आणे मिळाले त्याला."

ताईनं लगेच बाही वर सारली. "काल रात्री लॉजवर मला तेवीस चावलेत. एक रुपया सात आणे झाले. अहो, चौतीस वर्षांत तुम्ही दिलात का कुणाला आणा?"

"गोळ्या दिल्या की!"

"म्हणूनच लपायची माणसं."

दाजींनी हा आघात गिळला. पण पुढची हकिगत सांगताना त्यांचा गळा खरोखर दाटून आला. एवढा शोध लावला आणि पुढच्याच महिन्यात रॉसची बदली! आधी मुंबई, मग राजपुतान्यात खेरवाड्याला. तिथं हिवतापच नव्हता. दाजींच्याही अशा तीन बदल्या झालेल्या. पुढं 1898 साली रॉसनं कलकत्त्याला पक्ष्यांवर काम करून डासांमार्फत रोग पसरतो हे सिद्ध केलं, 1902 साली नोबेल मिळवलं. पण दाजींचं मन खेरवाड्यातच अडकलेलं. नोबेलकडं त्यांनी जवळजवळ दुर्लक्षच केलं.

समोरच्या टपरीवर चहा सांगितला. कडेला एका फुटक्या बादलीत पाणी साठलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. आम्हाला संग्रहालयात जे दिसलं नव्हतं ते इथं विनातिकीट मांडलेलं. दाजी बादलीपाशी उकिडवे बसले.

"बघ चिन्मय, डोकं खाली करून तिरप्या लटकल्यात. ॲनॉफिलिसची अळी पाण्याला समांतर, आडवी पडते. ह्या त्या नव्हेत."

"म्हणजे रॉससारखंच. भलत्याच जातीचे."

दाजी खूश झाले. त्यांनी बादली रिकामी करून पालथी घातली, टपरीवाल्याकडून खडू मागून घेतला आणि बुडावर ठळक तारीख टाकली.

"क्या साब, मुन्सिपाल्टी से आए क्या?" टपरीवाला घाबरला.

"रिटायर हूं," दाजी म्हणाले. "पण आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा, काय?"

टपरीवाल्याचा काहीतरी गैरसमज झाला. "वो तो दुकान उधर नुक्कड पे है साब," असं म्हणून त्यानं दाजींकडं जरा आपुलकीनं पाहिलं.

दाजींनी मग त्या टपरीमागची सहा डबकी आणि दोन टायर तपासले. त्यात संध्याकाळ झाली. चारमिनार राहिला, मोती राहिले. ताईनं दाजींच्या नावे एक रुपया सात आणे मांडून ठेवलेत. ते अजून वसूल झालेले नाहीत. तुम्ही बेगमपेठला जाणार असाल, तर रविवार सोडून जा.