तीन भाऊ, नऊ डबे

रायपूरच्या बूढापाऱ्यातलं जुनं घर पाडायचं, हे तिघा भावांनी एकमताने ठरवलं. या घरातलं ते पहिलंच एकमत. ते मोडायच्या आत थोरल्यांनी काम इंजिनिअर जावयाच्या गळ्यात घातलं. जावयाने नकाशा पसरला: पोलादी चौकटीच्या खोल्या कारखान्यात फरशी-नळांसकट तयार करायच्या, तलावाकडच्या गल्लीतून ट्रकने आणायच्या आणि क्रेनने एकमेकींवर चढवायच्या. तीन मजले, मजल्यावर तीन डबे आणि काँक्रीटचा जिना.

"असं आपल्याकडे कुणी केलंय?" सासऱ्यांनी चष्मा पुसला.

"2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, केंद्राच्या योजनेत मॉड्युलर रुग्णालयं ठरली. अमरावती, पुणे, जालन्याला 100 खाटांची, आपल्या रायपूरला 20 खाटांचं. आठवड्याभरात सोडवून दुसरीकडे नेता येतील अशी रचना."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे भांडण झालं की ज्याने त्याने आपले डबे उचलायचे! कोर्ट नको, वकील नको. वरचा मजला धाकट्याचा, मधला मधल्याचा, गुडघ्यांमुळे तळमजला माझा."

"मग तुम्हाला कधीच निघता येणार नाही, बाबा."

"का?"

"टोकियोत 1972 साली किशो कुरोकावांनी नाकागिन कॅप्सूल टॉवर बांधला. 140 कॅप्सूल, प्रत्येकी चार बोल्टांवर मधल्या मनोऱ्यांना अडकवलेल्या. पंचवीसेक वर्षांनी जुनी काढून नवी लावायची, असा बेत. एकही बदलली नाही. खालची काढायची तर आधी वरच्या हलवाव्या लागत. 2022 मध्ये अख्खी इमारतच उतरवली."

"म्हणजे वरच्याने हो म्हटल्याशिवाय खालच्याचं काही हलत नाही. मग आत्ताचं घर काय वाईट आहे?"

सासूबाईंनी चहा ठेवला आणि नकाशावर पाणी सांडू नये म्हणून नकाशाच बाजूला केला.

"बरं, पण जोडायचे तरी कशाला?" सासऱ्यांनी मुद्दा सोडला नाही. "टनावारी वजन आहे, बसतील गुपचूप. आणि रायपूर भूकंपाच्या झोन दोनमध्ये येतं. मी पेपर वाचतो."

"झोन दोन म्हणजे धोका कमी, शून्य नव्हे. शिवाय वारा आहेच. वजन खाली दाबतं, वारा आडवा ढकलतो. तो धक्का डब्या-डब्यातून जिन्याच्या काँक्रीटपर्यंत पोचायला वाट एकच, कोपऱ्यातले सांधे. लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची 22 मजली इमारत होती, तयार काँक्रीटच्या भिंतींची. 1968 मध्ये अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत निघाली आणि अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसं गेली. सांध्यांत भिंतींना धरून ठेवायची ताकदच नव्हती. तेव्हापासून नियम असा की एक आधार निखळला तर शेजारच्यांनी भार पेलायचा."

"एक खचला तर बाकीच्या दोघांनी सांभाळायचं?"

"हो."

"आमच्या घराण्यात असा नियम नाही."

जावयाने खिशातून बोल्ट काढला. सासऱ्यांनी डोक्यावरचा आकडा वाचला. "10.9. दहा रुपये नव्वद पैसे?"

"दहा म्हणजे 1000 मेगापास्कलला तुटणार. पुढचा नऊ म्हणजे त्याच्या 90 टक्क्यांपर्यंत ताण सोडला की पूर्ववत होणार."

"आणि 20 मिलिमीटरच्या बोल्टला 22 चं भोक? वरचे दोन मिलिमीटर कोण खातं?"

"भोक नेमकं ठेवलं तर साइटवर बोल्ट शिरणारच नाही. पण ती मोकळीक तशीच सोडली तर सांधा सरकतो आणि दर मजल्याला चूक वाढत जाते. म्हणून बोल्ट असा ताणून आवळायचा की सांध्यातल्या पट्ट्या घर्षणानेच एकमेकींना धरतील."

"आवळणार कुठून? मागची भिंत शेजाऱ्याला टेकलेली."

जावई पहिल्यांदाच थांबला. "आतून. मागच्या कोपऱ्यांत झडपा ठेवू."

"म्हणजे मधल्याचा बोल्ट तपासायला माणूस माझ्या कपाटात शिरणार?"

"झडप दादाकडे असेल तर पाना माझ्याकडे!" आतल्या खोलीतून मधल्यांचा आवाज आला. धाकट्यांनी फोनवरून, काहीच न ऐकता, दोन्हींना विरोध नोंदवला.

जावयाने पेन्सिल उचलली, सगळे डबे दोन फूट पुढे सरकवले आणि मागे पानेवाला माणूस उभा राहील एवढा बोळ काढला. आता प्रत्येक सांधा बाहेरून दिसत होता, कुणाच्या कपाटाला हात लावायची गरज नव्हती.

सासऱ्यांनी बराच वेळ नकाशा न्याहाळला. मग विचारलं, "हा बोळ कुणाच्या वाट्याला?"