टिनटप्परचा करदाता

डोणगावात सोयाबीन निघालं की कुणीतरी सायकलला पोतं बांधतो आणि 'भंगाऽऽर, टिनटप्पर' अशी हाळी देत फिरतो. ही कमाई 'धंदा' की 'इतर स्रोत', हा आयकर कायद्याचा गहन प्रश्न. त्याला विचारा, म्हणेल, "मीठ-मिरचीचे पैसे, भाऊ!" नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर शून्य, म्हणजे सुटला? छे! १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं, की १८ टक्के जीएसटी नोंदणीकृत खरेदीदाराच्या बोकांडी. (याला 'रिव्हर्स चार्ज' म्हणतात, कर उलटा चालतो.) भाव पाडायला व्यापाऱ्याला आयतंच निमित्त. फुटकी बादली नवी होती तेव्हाही कर भरूनच घरात आली होती. काटा मात्र अजूनही बिनानोंदणीच मारला जातो.