क्रूसाजवळचे अंकल

वांद्र्याच्या कुठल्याही गावठाणात शिरा. क्रूस दिसला की शेजारी प्लास्टिकची खुर्ची असणारच, आणि खुर्चीत अंकल. क्रूस जुना, बहुतेक १८९६च्या प्लेगच्या काळातला. साथ गल्लीत शिरू नये म्हणून वाडवडिलांनी उभारलेला. अंकल त्यानंतरचे, पण बोलण्यावरून तसं वाटत नाही.

ख्रिस्ती माणसानं रोज क्रूसाजवळ राहावं, असं फादर प्रवचनात सांगतात. अंकलनी ते फुटांत मोजून घेतलंय. खुर्चीपासून पायरी चार फूट. जाळीच्या दाराची चावी गळ्यातल्या दोऱ्यात, स्कॅप्युलरच्या जोडीला. एप्रिलअखेर क्रूसाला ऑइलपेंट लागतो तो त्यांच्या देखरेखीखाली, म्हणजे रंगाऱ्याला दिवसभर "कोपरा राहिला" हे एकच वाक्य ऐकावं लागतं. प्रार्थना आटोपली की मेणबत्त्या फुंकून थोटकं बिस्किटाच्या डब्यात. देवाला उजेड पुरे झाला, हे अंकलना बरोबर कळतं.

स्कूटरवरचा एखादा पोरगा क्रूसासमोरून जाताना घाईघाईत कपाळ, छाती, खांदे करतो. मागून आवाज येतो, "अरे ए, हेल्मेटवरून लागू होत नाही!" नाक्यावरची फुलवाली मावशी ख्रिस्ती नाही, पण रोज संध्याकाळी उरलेल्या झेंडूचा हार क्रूसाला घालून जाते. तिला अंकल खुर्ची देतात. म्हणजे देऊ करतात.

संत हेलेनाला क्रूस सापडल्याचा ३ मेचा सण हा त्यांचा जीव की प्राण. रोझरी, लितानी, मग कागदाच्या पुडीत उकडलेले चणे. एका तरुण फादरांनी एकदा समजावलं, "अंकल, रोमनं हा सण १९६० सालीच कॅलेंडरमधून काढला. आता १४ सप्टेंबर."

"सप्टेंबरात पाऊस असतो, फादर. चणे भिजतील."

विषय संपला.

२०१७ साली बाजार रोडवरचा जुना क्रूस पाडला गेला, त्या रात्री अंकलनी खाट रस्त्यावर काढली आणि हातात बॅटरी घेऊन जागत बसले. गल्ली हसली. पण हसणाऱ्यांतल्याच कुणीतरी मच्छरांची कॉइल पेटवून त्यांच्या उशाशी ठेवली.

इतरांच्या क्रूसांबाबत मात्र अंकल सढळ. कुणाची नोकरी गेली, "क्रूस आहे बाबा, उचल." कुणाचं सासूशी पटत नाही, "उचल." त्यांची स्वतःची दाढ दुखली तेव्हा ती दोन गल्ल्यांनी मिळून उचलली.

उपवासकाळात शुक्रवारी क्रूसाची वाट असते. तिच्या चौदा स्थानांतला त्यांचा आवडता माणूस म्हणजे कुरेनेचा सायमन. बिचारा शेतावरून येत होता. शिपायांनी धरला आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. अंकलना ही पद्धत फारच पटलेली आहे. बाकडी हलवायची असोत, मंडपाचे बांबू आणायचे असोत, समोरून जाणाऱ्या पोराचा दंड धरायचा, "आज तू सायमन." शिपायांचं काम आपल्याकडे आलंय, हे काही त्यांच्या लक्षात येत नाही. पोरं हल्ली मागच्या गल्लीनं जातात.

त्यामुळे यंदा सणाला हाताशी कोणी नव्हतं. आंटी एकट्याच चण्यांचं वाफाळतं पातेलं घेऊन ओट्याच्या पायऱ्या उतरत होत्या. खुर्चीतून सूचना आली, "सांभाळून गं, रंग ओला आहे!"

आंटी मधल्या पायरीवर थांबल्या. "ए सायमन," त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "एक कडी धर."

लितानीची पुस्तकं वाटणाऱ्या बायका खुदखुदल्या. अंकल उठले. "आलो, आलो. आधी जाळीची चावी सापडू दे," असं म्हणून पँटचे खिसे चाचपू लागले.

"गळ्यात बघ," आंटी म्हणाल्या.